गुळव्याचा हात

“मांडीवर नीट धर, हलू देऊ नगंस,” आमचे हे म्हणाले आणि माझ्या ओटीत त्यांनी एक गाठोडं ठेवलं.

धुकं इतकं दाट होतं की मोटरसायकलच्या दिव्याचा उजेड पुढं जायचाच नाही, तिथंच पिवळा होऊन थांबायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता, पण तो दिसत नव्हता. नुसते तुरे तेवढे मधूनच वर यायचे आणि परत बुडायचे. टॉवेलात गुंडाळलेलं ते गाठोडं चांगलंच ऊबदार होतं. शालीतून, साडीतून ऊब मांडीपर्यंत पोचत होती. मी ते पोटाशी धरून वर पदर घातला आणि वाकून बसले. कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई लेकराला डोस द्यायला निघालीय.

लेकरू नव्हतं, म्हणून तर निघालो होतो. गाठोड्यात एक प्लास्टिकची डबी होती आणि डबीत यांचं वीर्य. ते कोल्हापुरात तपासणीला द्यायचं होतं. सात वर्षांत आमच्या घरात पाळणा का हलला नाही, ते त्यावरून कळणार होतं.

“पोळतंय की वो,” मी मागून म्हणाले.

“कोमट हाय गं. डाक्टरीणबाई म्हणाल्या न्हवं का, गार हुऊ देऊ नका म्हणून?”

डबीभोवती त्यांनी काय गुंडाळलंय ते मी विचारलं नाही. त्या डबीबद्दल काही विचारायचीच मला लाज वाटत होती. गाडी धुक्यातून जात राहिली आणि मी त्या उबेवर हात ठेवून पेंगत राहिले. इतकं बरं मला त्या सात वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

नाव घेतल्याशिवाय गोष्ट पुढं जायची नाही, तर घेते. हिंदुराव. पंचक्रोशीत त्यांना हिंदुराव गुळव्या म्हणत. पंचगंगेच्या काठाला आमचं गाव आणि गावात गुऱ्हाळ. दिवाळी झाली की रस उकळायचं चुलवाण पेटायचं, ते उन्हाळा तोंडावर येईपर्यंत विझायचं नाही. तेवढे महिने सगळं गाव वाफेत असायचं. दळायला जा नाहीतर नदीला जा, केसांना तो गोड वास यायचाच. मला त्या दिवसांचं जे आठवतं तेही वाफेतूनच आठवतं. माणसं निम्मी दिसतात, निम्मी दिसत नाहीत. कधीकधी वाटतं, हे सगळं घडलं, का दुपारी जरा डोळा लागला तेव्हा मी बघितलं?

काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, रस उकळून दाट झाला की तो नेमका कधी उतरवायचा, हे सांगतो तो गुळव्या. वेळ चुकली तर सगळं आदण, म्हणजे काहिलीभर रस, वाया. हे काहिलीवर वाकायचे, हात गार पाण्यात बुडवायचे आणि तस्साच उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचे. हात परत पाण्यात. मग बोटांत गोळी वळून बघायची आणि म्हणायचं, “उतरा.” मग गडी तो पाक निवायला वाफ्यात, म्हणजे उथळ टाकीत, ओतायचे. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनी विचारलं होतं, “भाजत न्हाई व्हय, पावणं?” तर हे म्हणाले, “भाजायचं दिवस सरलं, मामा.” दाराआड उभी राहून मी ते ऐकलं आणि मनातल्या मनात हो म्हणून टाकलं.

पण लग्नानंतर एक वर्ष गेलं, दोन गेली. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदा नुसत्या बघायच्या. मग बोलायला लागल्या. मग अंगारे आले, उपास आले, कसल्या कसल्या पुड्या आल्या. मग डॉक्टर आले. माझं रक्त तपासलं, पोट तपासलं, पोटात नळी घालून तपासलं. दंडावर इंजेक्शनांच्या गाठी आल्या. शेवटी कुणीतरी कोल्हापूरच्या मगदूम डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. बाईंनी माझे सगळे कागद चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

“तुझ्यात काही नाही, शालन. नवऱ्याची तपासणी कुठाय?”

“त्यांची? त्यांची कशाला?”

“मूल एकटीला होतं का?” बाई म्हणाल्या. “पहिल्यांदा त्याचीच करायची असते. साधी असते, सुई नाही, नळी नाही. तुझी एवढी उलथापालथ करायच्या आधी कुणी बोललं नाही?”

कुणी बोललं नव्हतं. घरी येऊन मी सांगितलं तर हे ताटावरून उठून गेले. महिनाभर त्या विषयाला हात लावू दिला नाही. मग एका संध्याकाळी मी चुलीपुढं बसून सुजलेला दंड शेकत होते, ते त्यांनी बघितलं. बराच वेळ उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, “चल. जाऊया.”

दवाखान्यात त्यांना एक छोटी खोली दिली. आत गेले, आणि पुष्कळ वेळानं मान खाली घालून रिकाम्या हातानं बाहेर आले. गाडीवर बसल्यावर म्हणाले, “भितीवर कुणाचं तरी बाळ हुतं फोटूत. सारकं माज्याकडं बगून हसत हुतं. न्हाई जमलं.” मला हसू आलं, आणि त्यांना ते कळू नये म्हणून मी पाठीवर तोंड दाबून धरलं. मग बाईंनीच तोड काढली. घरून आणा, पण तासाभराच्या आत पोचवा. थंडीचे दिवस आहेत, गार होऊ देऊ नका. कोमट ठेवा.

म्हणून ती सकाळ. आत्तींना मी पहाटे देवळात धाडलं होतं. हे डबी घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा होता. डबी छातीशी धरून म्हणाले, “लईच गारठा हाय. येतोच.” आणि मला गाडीपाशी उभी करून गुऱ्हाळात शिरले. पहिलं आदण नुकतंच उतरलं होतं. धुकं आणि वाफ एकमेकांत मिसळून गेली होती आणि हे त्यात दिसेनासे झाले. मला वाटलं, बाळकूला काही सांगायला गेले असतील. बाळकू म्हणजे जळव्या, चुलवाणात वाळलेली चिपाडं घालणारा. हे परत आले ते गाठोडं घेऊनच.

दवाखान्याच्या फाटकाजवळ त्यांनी माझ्याकडं पाठ करून गाठोडं सोडलं आणि डबी स्वतःच्या हातानं नेऊन आत दिली. मी गाडीपाशी थांबले. तिथं एक गाय फाटकाशी उभी राहून गूळ खात होती. कुणीतरी टाकला असेल, मला वाटलं. तिच्या तोंडातून वाफ येत होती, आणि ती डोळे मिटून इतकी मन लावून खात होती की मी तिच्याकडं बघत राहिले.

दुपारी बाईंनी आम्हाला आत बोलावलं.

“हिंदुराव, संख्या कमी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि जिवंत एकही दिसला नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे जे आहेत ते सगळे मेलेले आहेत. पण थांबा, एका तपासणीवरून काही ठरवायचं नसतं. दोन-चार आठवड्यांनी आपण—”

हे उठले होते. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला तेवढाच. बाई पुढं बोलत होत्या ते मी ऐकलं, पण माझं निम्मं लक्ष दाराकडं होतं. बाहेर आले तर हे गाडीला टेकून स्वतःच्या तळहाताकडं बघत होते.

“परत एकदा तपासायचं म्हणत्यात,” मी म्हणाले.

“परत तीच मयत बगायला येऊ?”

परतीच्या वाटेवर लख्ख ऊन होतं. माझी मांडी मोकळी होती आणि वारा लागून गार पडत होती.

घरी गेल्या गेल्या त्यांनी आत्तींना हाक मारली. आत्ती तांदूळ निवडत होत्या.

“आई, आजपतोर शालनला बोललीस ती बोललीस. इथनं फुडं बोलायचं न्हाई. खोट माज्यात हाय.”

आत्तींनी पहिल्यांदा दाराकडं बघितलं. “हळू बोल. शेजारी ऐकत्यात.”

“ऐकू द्यात. माजं सगळं मेलंय म्हणं. बी मेलंय.”

“असलं बोलू नये रं लेका,” आत्ती म्हणाल्या, आणि हातातले तांदूळ त्यांनी निवडलेल्यांतच टाकले का न निवडलेल्यांत, ते त्यांनाही कळलं नाही. पदर डोळ्याला लावून बसून राहिल्या. सात वर्षांत पहिल्यांदा मला त्या बाईची दया आली.

पण खरा घाव पुढं होता. संध्याकाळी मी भाकरी वाढत होते तेव्हा हे म्हणाले, “तू माहेरला जा. तुज्या भावाला निरोप धाडतो. तुजं वय हाय अजून, दुसरं घर बगतील.”

माझ्या हातातली भाकरी परातीत पडली.

“मला इचारलं का कुणी?”

“इचारायचं काय त्यात? माज्यासंगं राहून तुजी कूस कशाला कोरडी ठिवू?”

“म्हंजे खोट माज्यात हाय वाटलं तवा सात वर्सं ठिवून घेतलंसा, आनि तुमच्यात निगाली तर मला घालवताय? हे कुटलं शानपण?”

आगीपुढं राहिलेला माणूस, भांडण त्यांना यायचंच नाही. त्या दिवसापासून ते गुऱ्हाळावरच राहू लागले. मी भाकरी घेऊन जायचे तर वाफेतून नुसता हात बाहेर यायचा, भाकरीचं फडकं घ्यायचा आणि परत आत जायचा. मी तिथं उभी राहून त्या पांढऱ्या वाफेशी बोलायचे. म्हणायचे, अवो, एकदा परत तपासा की. वाफ काही बोलायची नाही. बाळकू तेवढा चुलवाणाच्या खड्ड्यातून माझ्याकडं बघायचा आणि चिपाडं सारायचा.

बाळकूचंही घर तसंच होतं. त्याची थोरली, तानूबाई, तिला मूल होईना म्हणून त्यानं तिला माहेरी पोचवली आणि दुसरी करून आणली. दुसरीलाही चार वर्षं काही नव्हतं. लोक म्हणायचे, बाळकूच्या नशिबाला वांझच बायका येतात. मीही ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. झोप लागायच्या आधी मला तानूबाई दिसायची. पिशवी घेऊन रस्त्याला उभी राहिलेली, आणि जवळ जाऊन बघावं तर तोंड माझंच.

असे किती दिवस गेले, मला सांगता येणार नाही. सगळे एकसारखे पांढरे होते. शेवटी मीच वैतागले. नको असलेल्या जागी राहायला मी काही उंबऱ्यातली चप्पल नव्हते. एका सकाळी पत्र्याची पेटी भरली आणि गुऱ्हाळावर निरोप धाडला की शालन निघालीय, दहाची एसटी गाठायचीय, पोचवायचं असेल तर या.

हे आले. पेटीकडं बघितलं. मग मागं गेले आणि त्यांनी बंब पेटवला. मी बघतच राहिले. आमच्या घरी पाणी तापवायचं काम माझं. त्यांना आंघोळीला पाणी काढून द्यायचं तेही माझंच काम, आणि ते पाणी असं लागायचं की त्यात कोंबडं सोलून निघावं. माझ्यासाठी त्यांनी कधी बादलीभर पाणी काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं. न्हाणीत नेऊन ठेवलं, पाट मांडला, हात घालून बघितलं, थोडं गार पाणी ओतलं, परत हात घालून बघितलं. सगळं असं सावकाश, जसं काही पाकाची गोळी बघतायत.

“न्हाऊन जा,” म्हणाले. “कोमट केलंय.”

मी न्हाणीचं दार लावलं. धुरकट कवडशातून वाफ वर चढत होती. मनात म्हटलं, या घरातलं शेवटचं पाणी. आणि तांब्या बादलीत बुडवला.

बोटं पाण्यात गेली तशी माझी किंकाळी निघाली.

“काय झालं?” दाराबाहेरून त्यांचा आवाज.

मी हात झटकत उभी होते. बोटं लालभडक झाली होती. “ह्याला कोमट म्हणताय तुमी?”

“कोमटच हाय की गं. मी सोता बगितलं, दोनदा.”

वाफ माझ्या तोंडावर येत होती. त्या वाफेत मला काय काय दिसायला लागलं, एकेक करून, घाई न करता. धुक्यातली मोटरसायकल आली. मांडीवरचं पोळणारं गाठोडं आलं. कोमट हाय गं. मग फाटकाशी उभी ती गाय आली, डोळे मिटून गूळ खाणारी.

“अवो,” मी दाराला तोंड लावून म्हणाले, “त्या गाठुड्यात काय हुतं?”

“कुटल्या?”

“डबीच्या भवतीनं. काय गुंडाळलं हुतंसा?”

बाहेरून आवाज आला, “गूळ.”

“वाफ्यातला?”

“उतरून वाफ्यात घातल्याला. नुकताच धरायला लागल्याला. त्याच्यात मदी खळगा केला, डबी बसवली, वरनं परत गूळ लावला. लेकरागत गुंडाळली हुती मी, शालन. गार हुऊ नये म्हणून. पर कडत नव्हता, हात लावून बगितला हुता. कोमट हुता.”

मी पाटावर बसले. हसू आलं ते थांबेना, आणि हसता हसता रडू आलं तेही थांबेना. आत्ती धावत आल्या. पोरीचं डोकं फिरलं म्हणाल्या. यांना काहीच कळेना.

“बादलीत हात घाला तुमी,” मी दार उघडून आत्तींना म्हणाले. त्यांनी घातला आणि चटकन काढून घेतला. पोराकडं बघितलं. मग मी यांचा हात धरला, उजवा, आणि उलटा करून बघितला. तळव्याची कातडी वहाणेच्या तळासारखी झाली होती. त्या हाताला ऊन कळत नव्हतं, पोळणं कळत नव्हतं. त्या हातानं यांनी आमचं नशीब तपासलं होतं.

“चला,” मी म्हणाले. “दहाची एसटी हाय. दोघं जाऊ.”

मगदूम बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. पण डोळ्याला रुमाल लावला, तेव्हा मला शंका आली.

“हिंदुराव, तुमच्या गुळात डबी ठेवल्यावर काय जिवंत राहणार होतं? मी कोमट म्हणाले ते माणसाच्या काखेएवढं. आता काखेत धरून आणा. दुसरं काही करू नका.”

तीन आठवड्यांनी यांनी डबी काखेत धरून आणली. सबंध रस्ता एक हात अंगाला चिकटवून बसले होते, आणि गाडी चालवायला मी भावाला बोलावलं होतं, कुठं जायचं ते न सांगता. यावेळी बाईंनी आम्हाला सूक्ष्मदर्शकाशी नेलं. पहिल्यांदा हे वाकले, काहिलीवर वाकायचे तसेच. किती तरी वेळ वाकून राहिले.

“हलतंय काय तरी,” म्हणाले.

“हलतायत. थोडे आहेत आणि आळशी आहेत. पण जिवंत आहेत.” मग बाईंनी त्यांना समोर बसवलं. “आता मला सांगा. दिवसातून किती वेळ चुलवाणापुढं असता?”

“सीझनात? झोपायचं सोडून सगळा.”

“आंघोळीचं पाणी?”

“इचारू नका,” मी मधेच म्हणाले. “बंब त्यांच्यावर रिकामा हुतोय.”

“तंबाखू?”

त्यांनी खिशावर हात ठेवला, जसं काही बाई पुडी काढूनच घेणार.

“पुरुषाची बीजं जिथं तयार होतात ती जागा देवानं अंगाबाहेर का ठेवलीय, कधी विचार केलात?” बाई म्हणाल्या. “अंगातली ऊबसुद्धा त्यांना जास्त होते म्हणून. त्यांना गारवा लागतो. आणि तुम्ही त्यांना सकाळ-संध्याकाळ आगीपुढं धरून बसता. नवं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढे दिवस तरी आग नाही, कढत पाणी नाही, तंबाखू नाही. मग परत बघू. मी वचन देत नाही. काहींचं सुधारतं, काहींचं नाही, त्यांना वेगळे उपाय असतात. पण यात बाप्यामाणसानं लाजण्यासारखं काही नाही. ताप येतो, तसं हे.”

सीझन ऐन भरात होता. काहिलीवरून गुळव्या उठला तर मालकाचं नुकसान, गावात नाचक्की, आणि हिंदुराव गुळव्या म्हणून जे काही नाव होतं ते जाणार. ते काय ठरवतायत ते मी विचारलं नाही. माझी पेटी अजून भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले तेव्हा गुऱ्हाळावर माणसं जमली होती. मालक ओरडत होता. “सीझनात उठतोस? हात मोडला काय तुजा? कोण जास्त देतंय?”

“जास्त कोण देत न्हाई,” हे म्हणाले. वाफ त्यांच्या कमरेपर्यंत होती, वरती तेवढे ते दिसत होते. “मला मूल पायजे. आगीपुढं बसून बसून माजं बी मरतंय. डाक्टरनं दावलं मला. बायकूत काय सुदीक खोट न्हाई, माज्यात हाय. सुधारती का बगायचं हाय.”

बाप्ये पायाकडं बघत राहिले. एकानं हसायला सुरुवात केली, पण त्याला कुणी साथ दिली नाही म्हणून खोकल्यासारखं करून तो गप्प झाला. मला यांच्याकडं बघून असं वाटलं की या माणसाला मी आज पहिल्यांदा बघतेय.

आणि मग काहिलीतला पाक बसायला लागला. उकळी खाली गेली, वाफ विरळ झाली. “बाळकू, जाळ घाल,” मालक म्हणाला. पण जाळ येईना. मी खड्ड्याशी गेले. बाळकू चुलवाणाच्या तोंडाशी बसला होता, हातात चिपाडांची कवळी तशीच. आमच्या यांच्यापेक्षा हातभर जवळ, रोज, वीस वर्षं. विस्तवाच्या उजेडात त्याचा चेहरा लाल दिसत होता.

“वैनी,” तो अगदी हळू म्हणाला, “तानूत बी काय खोट नसंल व्हय?”

तो खड्ड्यातून वर आला, रांजणातलं पाणी घेऊन तोंड धुतलं, आणि धुतच राहिला. त्या दिवशीचं आदण वाया गेलं.

बाळकू नंतर मगदूम बाईंकडं गेला. यांनीच नेला. त्याला मूल झालं नाही, उपाय करून झाले तरी नाही. पण तपासणीचा कागद हातात आला तसा तो एकदा तानूबाईच्या माहेरी गेला होता, माझ्यात खोट होती म्हणून सांगायला. तानूबाईनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि परत यायला नाही म्हणाली. मला तिचं बरोबर वाटलं.

आमचे हे मग तीन महिने नदीकाठी भाजीच्या तुकड्यात राबले. गार पाण्यानं आंघोळ करायचे आणि न्हाणीतून त्यांचं हुडहुडी भरलेलं बोलणं ऐकू यायचं. सुपारी चघळायचे, चिडायचे, आणि संध्याकाळी गुऱ्हाळाच्या वाफेकडं तोंड करून बसायचे. मी पेटी एका दुपारी रिकामी केली. पुढची तपासणी जरा बरी आली, त्यापुढची आणखी बरी. पुढचा सगळा सीझन त्यांनी काहिलीकडं पाठ केली. लोक म्हणाले, हिंदुरावचा हात गेला. मग एका उन्हाळ्यात मला कोवळ्या चिंचेचाही वास सहन होईना, आणि आत्तींनी माझ्या तोंडाकडं बघून हातातलं सूप खाली ठेवलं.

रेवती झाली. ती चालायला लागल्यावर हे परत काहिलीवर गेले. हात परत तसाच निबर झाला, आणि गूळही पहिल्यासारखाच उतरायला लागला.

परवा रेवतीची हळद झाली. अंगणात बायका गाणी म्हणत होत्या, मांडवातून ऊन गाळून येत होतं, आणि हळदीच्या वासात मला सारखं झोपेत असल्यासारखं वाटत होतं. नवरीच्या न्हाणाचं पाणी काढायचं होतं. हे बंबापाशी होते. पाणी काढलं, गार मिसळलं, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. तान्ह्या रेवतीला पहिल्यांदा न्हाऊ घातलं त्या दिवसापासून ते असेच उभे राहत आले आहेत.

“शालन,” त्यांनी हाक मारली, “आदी तू हात घाल.”

मी बायकांतून उठले आणि पाण्यात हात घातला.

“बरोबर हाय,” मी म्हणाले.

ते हलले नाहीत. “परत एकदा बग,” म्हणाले.

मी परत एकदा बघितलं.